आगीनंतरचं घर, मल्हार आणि ठमी

घराला आग लागून गेली की पुढचे कित्येक महिने त्याच त्या प्रश्नांची चर्चा चालते. स्लॅब टिकेल का, विम्याचे किती येतील, तोवर भाड्याने कुठे राहायचं. या चर्चेत कुत्र्यांचा विषय सहसा सगळ्यात शेवटी निघतो, आणि तोही ‘यांना तोवर कुठे ठेवायचं’ एवढाच. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका मराठी कुटुंबाने तो पहिल्याच आठवड्यात काढला आणि पुढचे बरेचसे निर्णय त्याला धरून घेतले. त्या घराच्या दुरुस्तीचं काम वास्तुविशारद म्हणून माझ्याकडे होतं. आगीत सापडलेल्या घरांची कामं मी आधीही केली होती, पण कुत्र्यांच्या गरजा नकाशात आणि कामाच्या वेळापत्रकात शिरलेल्या इथे पहिल्यांदा पाहिल्या. त्या तशाच शिरायला हव्यात असं आता माझं ठाम मत आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे. कुटुंबाची परवानगी आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कुत्र्यांची नावं मात्र त्यांच्याच आग्रहावरून तशीच ठेवली आहेत.

घर आणि घरातले

१९८० च्या दशकात बांधलेलं, तळमजला आणि वर दोन खोल्या असलेलं घर. घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी, काका-काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. मल्हार हा लॅब्रॅडॉर, अकरा वर्षांचा, मागच्या पायांनी अधू होत चाललेला. ठमी ही देशी कुत्री, चार वर्षांची. एका पावसाळ्यात दारातल्या गाडीखाली भिजत बसलेली सापडली आणि राहिली. होळकरांच्या गावात कुत्र्याचं नाव मल्हार ठेवायला आजींचा सुरुवातीला आक्षेप होता. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच की, असं म्हणत तो त्यांनीच मागे घेतला.

आग मे महिन्यातल्या एका दुपारी लागली. पुढच्या खोलीत दीड टनाचा एसी, त्याला जुनी ॲल्युमिनियमची तार, आणि सॉकेटच्या मागे सैल पडलेला जोड. सैल जोडावर रोध वाढतो, तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळू लागतं. एमसीबी, म्हणजे जादा वीज वाहिली की पुरवठा तोडणारा स्विच, पडत नाही, कारण वीज ठरलेल्या मर्यादेतच वाहत असते. ‘एमसीबी आहे ना, मग काय काळजी’ हे वाक्य मी घरोघरी ऐकते, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे. पडदा पेटला, मग सोफ्याचा फोम. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. पुढची खोली काही मिनिटांत काळी झाली आणि धूर मधल्या खोलीत शिरला.

सून, आजी आणि नात मागच्या बाजूला होत्या. सुनेने दोघींना मागच्या दाराने बाहेर काढलं, ठमीला पट्ट्याला धरून ओढलं. मल्हार सापडेना. शेजारच्यांनी १०१ ला फोन केलेला होता. अग्निशमन दलाचे जवान आले तेव्हा नातीने त्यांना एकच वाक्य सांगितलं: वीज कडाडली की तो मधल्या खोलीतल्या दिवाणाखाली जातो. तो तिथेच होता. घाबरलेला कुत्रा पुष्कळदा दाराकडे न पळता आपल्या नेहमीच्या लपण्याच्या जागी जाऊन बसतो, म्हणून ती जागा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. दिवाणाखाली असल्यानेच तो वाचलाही असावा. गरम धूर वर चढतो आणि जमिनीलगत त्यातल्या त्यात बरी हवा उरते.

पहिले दोन दिवस

मल्हार स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला, पाणी प्यायला, शेपूट हलवली. बघणारे सगळे म्हणाले, काही झालं नाही त्याला. सुनेला ते पटलं नाही, कारण त्याच्या हिरड्या नेहमीपेक्षा लालभडक दिसत होत्या. तिने त्याला आणि ठमीलाही तडक गावातल्या पशुवैद्यांकडे नेलं. हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. हिरड्यांचा तो लाल रंग त्यामुळे असतो. त्याला तब्येतीची लाली समजू नये. बोटाला किंवा जिभेला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला दोन्ही वायूंनी भरलेलं रक्त सारखंच दिसतं, म्हणून आकडा चांगला येतो आणि प्राणी मात्र आतून गुदमरत असतो. उपाय म्हणजे ऑक्सिजन, आणि तोही लगेच. साध्या हवेत हा विषारी वायू उतरायला कित्येक तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तो वेळ खूप कमी होतो. मल्हार संध्याकाळभर मास्क लावून झोपून होता आणि काका शेजारी जमिनीवर बसून होते.

दुसऱ्या दिवशी त्याचा खोकला वाढला. धुराचा फुप्फुसांवरचा परिणाम पुष्कळदा एक-दोन दिवसांनी उमटतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे कुटुंब घाबरलं नाही आणि गाफीलही राहिलं नाही. एक्स-रेसाठी त्याला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. इंदूर-उज्जैनकडच्या लोकांना हा मोठा आधार आहे, आणि शहरातल्या कित्येक कुत्री पाळणाऱ्यांना तो माहीतही नसतो. भुंकण्याचा आवाज घोगरा झाला होता. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राचे स्नायू तसेही ढिले पडतात, त्यामुळे त्यावर बरेच दिवस लक्ष ठेवावं लागलं.

ठमी वरवर धडधाकट होती. डोळ्यांत हिरवट चमकणारा रंग घालून तपासल्यावर उजव्या बुबुळावर बारीक जखम सापडली. तिच्या पंजांच्या गाद्यांची कातडी चौथ्या-पाचव्या दिवशी सोलून निघाली. त्याआधी ती लंगडतही नव्हती. भाजल्याच्या खुणा केसांखाली आणि गाद्यांवर अशा उशिरा दिसतात.

दोघांना त्याच रात्री कोमट पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुतलं. हे स्वच्छतेसाठी कमी आणि विषासाठी जास्त होतं. केसांवरची काजळी कुत्रं चाटून काढतं, आणि जळलेल्या प्लास्टिकचा सगळा अर्क त्याच्या पोटात जातो. बर्फ लावायचा नाही आणि माणसांची वेदनाशामक गोळी द्यायची नाही, या दोन सूचना काकूंनी औषधांच्या पिशवीवरच लिहून ठेवल्या. तिसरी सूचना पुढे त्यांनीच जोडली. शेजारपाजाऱ्यांकडून पोहे, कढी, पुलाव असे डबे येत होते, आणि मायेपोटी कुणी ना कुणी कुत्र्यांपुढेही घास ठेवत होतं. कांदा आणि बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात. त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला काकू नम्रपणे सांगत, ‘यांचं जेवण वेगळं आहे हो, राग मानू नका.’

देवासचा मळा

पहिल्या आठवड्यात नातेवाइकांची बैठक झाली. देवासजवळ एका आतेभावाचा मळा आहे. कुत्र्यांना घर होईपर्यंत तिकडे ठेवा, मोकळी हवा आहे, गडी आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. मुलाचाही कल तिकडेच होता. त्याच्या डोक्यावर विम्याची कागदपत्रं, बँक आणि नोकरी होती, आणि तो रात्र-रात्र झोपत नव्हता. त्याचं म्हणणं चूक होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

काका एवढंच म्हणाले की कुत्र्यांचं घर गेलंय, वरून आपणही जायचं का. पण निर्णय झाला तो पशुवैद्यांशी बोलल्यावर. मल्हारला दिवसातून तीन वेळा औषध आणि पुन्हा पुन्हा तपासणी लागणार होती. ठमी सुनेपासून दहा पावलंही लांब जात नव्हती. सून न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून कण्हत होती. अशा अवस्थेत ओळखीची माणसंही नाहीशी झाली असती, तर तिची भीती कायमची घट्ट बसण्याचा धोका होता. मळ्यात एखादा शांत, म्हातारा, आजारी नसलेला कुत्रा महिनाभर राहू शकला असता. ही दोघं तशी नव्हती.

मग भाड्याचं घर. घरमालक कुत्री म्हटल्यावर फोनवरच नाही म्हणत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवासी संघटना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाहीत. पण स्वतःचं घर भाड्याने देणाऱ्याचं मन नियमांनी वळत नाही. सुनेने फोन करणं बंद केलं. ती मल्हारला घेऊन, लसीकरणाची कार्डं हातात धरून, थेट दारात जाऊ लागली. सुदामा नगरातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मल्हारकडे बघितलं, आग लागली होती तेच का तुम्ही, असं विचारलं, आणि होकार दिला. नुकसानभरपाईचं लेखी हमीपत्र कुटुंबाने आपणहून करून दिलं. घर एका खोलीने लहान होतं, पण तळमजल्यावर होतं, कुंपण होतं, आणि जळलेल्या घरापासून इतकं जवळ की संध्याकाळचं फिरणं जुन्याच रस्त्यावरून होई. ही शेवटची गोष्ट कुटुंबाने हट्टाने मागितली होती. तिचा उपयोग पुढे कळला.

झोपायला काय द्यायचं, हाही प्रश्न होता. जुन्या गाद्यांना धुराचा वास होता. आजींनी आपली नेसून झालेली, न धुतलेली दोन लुगडी दिली आणि काकूंनी त्यांच्या चौघडी घड्या शिवल्या. ठमी पहिल्यांदा सलग झोपली ती त्यावर.

जळलेल्या घरात

‘सिमेंटचं घर, ते कसलं जळतंय’ असं पुष्कळांना वाटतं. इंदूरकरांना आग म्हटली की होळकरांचा राजवाडा आठवतो. खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी असलेला तो वाडा १९८४ च्या दंगलीत पेटला, लाकूड होतं म्हणून जळला, असा समज आहे. काँक्रीट पेटत नाही, पण उष्णतेने आतून कमजोर होतं. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं काँक्रीट गुलाबीसर दिसू लागतं. आपल्या माळव्यातल्या काळ्या दगडाच्या खडीत मात्र तो रंग नेहमीच उठून दिसत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. त्यातून १९८० च्या दशकातल्या घरांत पीळ दिलेल्या टॉर सळ्या असतात. साधी सळई तापून थंड झाल्यावर बरीचशी ताकद परत मिळवते. थंड अवस्थेत पीळ देऊन बळकट केलेली सळई फार तापली की ते बळ कायमचं गमावते. आम्ही गिलावा पूर्ण काढला, हातोडा-चाचणी आणि ध्वनिलहरींची चाचणी करून घेतली. पुढच्या खोलीचा स्लॅब आणि एक बीम नव्याने करावा लागला. मधली खोली वाचली.

विम्याबद्दल थोडक्यात. घरकर्जामुळे ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी होती. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ती देणं बंधनकारक केलं गेलं. मलबा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, वास्तुविशारद आणि अभियंत्यांची फी ५ टक्क्यांपर्यंत, आणि घर राहण्याजोगं नसतानाच्या काळातलं भाडं, हे तिच्यात धरलेलं आहे. लोकांना ते माहीत नसतं म्हणून मागितलंच जात नाही. कुत्र्यांच्या उपचाराचा खर्च तिच्यात नाही. तो सगळा खिशातून गेला. सर्वेक्षक येण्याआधी काहीही हलवलं नाही, प्रत्येक खोलीचे फोटो काढले, अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिसांचा पंचनामा घेतला.

मलबा कचऱ्याच्या गाडीत चालत नाही, तो वेगळा उचलावा लागतो. तो अंगणात पडून होता तोवर कुत्र्यांना आत आणायचं नाही, असं मी सांगितलं होतं. काचा, खिळे आणि जळकी राख यांच्यात सोललेल्या पंजांनी फिरणं शक्यच नव्हतं.

मलबा उठल्यावर मात्र रोजचं फिरणं घराच्या फाटकापर्यंत येऊ लागलं. आधी फाटकाबाहेर दोन मिनिटं, मग अंगणात, मग मागच्या खोलीत. प्रत्येक टप्प्यावर पनीरचा तुकडा, आणि ठमी मागे वळली की सगळ्यांनी मागे वळायचं. तिला उचलून आत नेण्याचा मोह मुलाला दोनदा झाला आणि सुनेने दोन्ही वेळा थांबवलं. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं, थोपटलं तर त्याची भीती वाढते, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. जवळ यायचं की नाही हे त्याच्यावर सोडायचं, आणि आलं तर थोपटायचं.

रंग लागल्यावर एक गोष्ट घडली, ती मी पुढच्या प्रत्येक कामात लक्षात ठेवणार आहे. भिंतींवर काजळी दाबून धरणारा प्रायमर दिला होता, दोन हात रंग झाला होता, आम्हां कुणालाही वास येत नव्हता. मल्हार थेट आत जाऊन पसरला. ठमी पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबली, डावीकडच्या चौकटीकडे नाक करून गुरगुरली आणि परत फिरली. सलग काही दिवस तेच, तीच बाजू. ठेकेदार म्हणाला, जनावर आहे, सवय होईल. मी सुताराला ती चौकट काढायला लावली. ती वाचली म्हणून आम्ही घासून ठेवून दिलेली होती. मागच्या पोकळीत काजळीचा थर होता आणि तारेच्या जुन्या नळीचं वितळलेलं टोक. नवी चौकट बसवली, नळी बदलली. ठमी तरीही लगेच आत गेली नाही, पण गुरगुरणं थांबलं.

नकाशातले बदल असे. एसीला वेगळी तांब्याची तार आणि वेगळा एमसीबी, शिवाय संपूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. तो सैल जोड ओळखत नाही, म्हणून दरवर्षी वायरमनकडून जोड आवळून घ्यायचं ठरलं. मागच्या खोलीच्या पक्क्या जाळीऐवजी आतून कडी काढून उघडणारी जाळी. आपल्याकडे चोरांच्या भीतीने खिडक्या कायमच्या बंद करतात आणि आगीत त्याच जिवावर उठतात. दोन्ही दारांशी खुंटीवर पट्टे. फाटकावर ‘घरात दोन कुत्री’ अशी पाटी, जवानांसाठी. मधल्या खोलीतला दिवाण आता चारही बाजूंनी उघडा आहे, मल्हारला कुठूनही ओढून काढता येईल असा. फरशी गुळगुळीत घेतली नाही. खरखरीत कोटा लावला, कारण त्याचे मागचे पाय घसरतात. खोल्यांत धूर ओळखणारे गजर बसवले आणि स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा, नाहीतर रोजच्या फोडणीने तो वाजला असता. गजराचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून, आधी अगदी हळू वाजवत, कुत्र्यांना सवयीचा केला.

दिवा, होळी आणि होम

ठमीची भीती आवाजापेक्षा वासाची होती. काडी ओढली, उदबत्ती लावली, तेल तापलं की ती थरथरत कोपऱ्यात जाई. आजींची सांजवात अनेक दशकांची. त्यांनी आपणहून सांगितलं की काही दिवस विजेचा दिवा चालेल, देवाला कळतं. मग न पेटवलेली वात, मग दुसऱ्या खोलीत पेटवलेली, मग दार उघडं ठेवून, असं हळूहळू. डॉक्टरांनी गॅबापेंटिन हे भीती शमवणारं औषध सुरू केलं होतं. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत त्याचा मोठा आधार झाला. औषधाला कमीपणा मानणाऱ्या नातेवाइकांना काकूंनी शांतपणे सांगितलं, ‘आपल्याला ताप आला तर आपण घेतोच ना?’

घर फाल्गुनात तयार झालं. मुलाला होळीआधी जायचं होतं. कोपऱ्यावर होळी पेटते आणि तिचा धूर थेट अंगणात येतो, म्हणून आम्ही तारीख रंगपंचमीनंतर ढकलली. भाड्याचा एक जादा महिना गेला.

वास्तुशांतीचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला होता. ज्या घरात आग शिरली त्या घरात होम झाल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही, यावर आजी ठाम होत्या, आणि त्यांची बाजू मला पूर्ण समजत होती. ज्या खोलीत अग्नीने नुकसान केलं, तिथे त्याचं विधिपूर्वक स्वागत करूनच त्याच्याशी सलोखा होतो असं त्यांना वाटत होतं. नव्या भिंतींना समिधा-तुपाचा धूर लागला तर ठमीचे महिन्यांचे कष्ट वाया जातील, असं सुनेला वाटत होतं. दोघींनी मिळून गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ‘कुंड अंगणात मांडू, आजी. संकल्प घरात, आहुती बाहेर. काहीही अडत नाही.’ तसंच झालं. मुलगा त्या दिवशी दोन्ही कुत्र्यांना घेऊन सुदामा नगरात थांबला, म्हणजे स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीला तो नव्हता. देवासला पाठवू म्हणणारा तोच. दारं-खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी दोघांना आणलं.

सध्याची स्थिती अशी. मल्हारचा आवाज थोडा घोगराच राहिला आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत. ठमीच्या डोळ्यावर डाग नाही. ती पुढच्या खोलीत दिवसा जाते. सांजवात लागली की मधल्या खोलीत येऊन बसते, आणि तिला कुणी बोलावत नाही. गॅबापेंटिन कमी करत आणलं आहे, दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा पूर्ण मात्रा द्यायची आहे. विम्याची शेवटची रक्कम अजून यायची आहे. जळलेल्या सामानाच्या यादीवर प्रश्न आलेत आणि मुलगा त्यांची उत्तरं देतो आहे. मागच्या दाराची पायरी मल्हारसाठी उंच पडते आहे, तिथे उतार करायला मिस्त्री पुढच्या आठवड्यात येणार आहे.